ना उजेड, ना चुना

झोपायला ठेवलेलं जागं झालं होतं. टॉर्चला हिरवा जिलेटिनचा कागद गुंडाळून मी अंधारखोलीत पेटी उघडली, सगळ्यात वरची बशी उचलली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. जिथे नुसते तपकिरी गोल ठिपके निवांत पडलेले दिसायला हवे होते, तिथे ठिपक्यांची कवचं उकललेली, आणि एकेकातून पांढरा केसासारखा धागा बाहेर आलेला. सगळीकडे नाही, बशीच्या एका बाजूलाच, पण आलेला. मी डोळा काढला, चष्मा पुसला, परत बघितलं. धागे तिथेच. बाहेर व्हरांड्यात मुलं दसऱ्याच्या सुट्टीत कोण कुठे गेलं त्याच्या गप्पा मारत होती, कुणीतरी जोरात हसलं, आणि ते मलाच हसलं असं मला वाटून गेलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो प्रयोगाचा नव्हता. इतक्या वर्षांची मेहनत, कोल्हापूरचे गाईड, विद्यापीठाची मुदत, यातलं काही नाही. विचार आला तो एवढाच: किशोरी, तुझंही सुरू झालं.

नेच्याला फूल नाही, बी नाही. आमच्याकडे पावसाळ्यात विहिरींच्या कठड्यांवर, दगडी गडग्यांच्या फटींत तो माजतो आणि भाद्रपद सरता सरता पानाच्या पोटाशी तपकिरी पूड धरतो. त्या पुडीचा एकेक कण म्हणजे बीजाणू. तो वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो. त्याला उठवायला दोन गोष्टी लागतात. आधी उजेड, त्यातही तांबडा, आणि फार नाही, ओझरता शिवून गेला तरी पुरतो. मग बाहेरच्या पाण्यातलं कॅल्शियम, म्हणजे शेवटी आपला चुनाच. उजेडानं दार किलकिलं होतं, चुना आत शिरतो, आणि आत कॅल्मोड्युलिन नावाचं एक प्रथिन त्याचीच वाट बघत बसलेलं असतं. त्याला चार हात. हातांत कॅल्शियमचा एकेक कण आला की ते अंग बदलतं, वळतं, आणि पेशीतल्या बाकीच्यांना हलवून उठवायला लागतं. वर्गात मी त्याला चतुर्भुज म्हणते. मुली खाली माना घालून हसतात, कारण मॅडम सेहेचाळिशीतही चतुर्भुज झालेल्या नाहीत हे सावंतवाडीभर माहीत आहे. तर पेटीतल्या तीन बशांना या दोन्हींचा उपास घडवला होता. ना उजेड, ना चुना. पाणी तीनदा ऊर्ध्वपातन केलेलं, बशा प्लास्टिकच्या, कारण काचेचासुद्धा भरवसा नाही, काच थोडाथोडा चुना सोडते. इतर बशांचं काहीही होवो, या तिघींनी काही न करता पडून राहायचं होतं. त्या पडून राहिल्या तरच बाकीच्या बशांत जे जागं झालं ते उजेडानं आणि चुन्यानं झालं असं मला म्हणता येणार होतं. पेटी मात्र मी हौसेनं करून घेतली होती. लाकडी खेळणी करणाऱ्या एका चिताऱ्याला सांगितलं, काळी कुळकुळीत कर आणि झाकण असं बसव की सुईएवढा उजेड आत जाता कामा नये. त्यानं आतून काळी केली, पण बाहेरून करायला त्याचा हात धजेना. लाल लाखेवर पिवळी वेलबुट्टी काढून दिली. "काळी पेटी बरी दिसना नाय, मॅडम," म्हणाला. मी आणखी खबरदारी म्हणून आत एक काळं कापड कोंबत असे. एवढं सगळं करून वरची बशी जागी झाली होती, म्हणजे तिला उजेडही मिळाला होता आणि चुनाही. माझ्या हातून एक चूक झाली असती तर मी स्वतःला दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. एकाच बशीत दोन चुका, आणि दोन्हींची मला आठवण नाही, हे काहीतरी वेगळं होतं.

भाई म्हणजे माझे वडील. शिरोड्याच्या बाजारात त्यांचं शिवणाचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या लग्नांचे कोट त्यांनी शिवले आणि माप कधी कागदावर उतरवलं नाही. माणूस एकदा दुकानात उभा राहिला की त्याचे खांदे भाईंच्या डोक्यात कायमचे. त्यांचा पहिला हरवलेला शब्द कातर. दुकानात उभे राहून ते इकडेतिकडे बघत होते आणि मला म्हणत होते, "ता खंय गेला गो, ता... ता कापूचा?" कातर त्यांच्या हातात होती. मी हसले. मला वाटलं, थट्टा करतायत. मग मापं गेली, मग गिऱ्हाइकांची नावं, मग घरातली. आता ते रोज संध्याकाळी मी आले की मला, स्वतःच्या मुलीला, विचारतात, "कोणाचा चेडू गो तू?" मी सांगते, "भाई टेलराचा." ते मान हलवतात. "बरो माणूस," म्हणतात. त्यांचा त्रास कुणाला नाही. पडवीत बसून पान लावतात, ते मात्र अजून चुकत नाहीत. देठ खुडणार, पान मांडीवर पुसणार, चुन्याचं बोट शिरेच्या कडेकडेनं फिरवणार, जसं खडूनं कापडावर माप आखावं तसं. पण त्या कातरीपासून आमच्या घरातून एक शब्द गेला. इसारलंय. आईनं तसं काही फर्मान काढलं नाही, पण ती म्हणेनाशी झाली आणि मग मीही. त्याऐवजी आम्ही म्हणतो, रवला. दिवो लावूचो रवलो. मीठ घालूचा रवला. वस्तू आणि कामं आपणहून मागे राहतात, कोणी काही विसरत नाही.

आणि मग या जूनमध्ये वर्गात फळ्याकडे पाठ करून मी उभी होते, खडू हातात, आणि माझा शब्द गेला. वीस वर्षं मी दुसरं काही बोललेली नाही. नेच्याच्या पानामागे जे असतं, ते, ती पूड, तिचा कण, त्याला म्हणतात... आत नुसती पांढरी जागा. पहिल्या बाकावरच्या भक्तीनं फार मायेनं, जणू आजीला जिना उतरवावा तशी, हळूच पुरवला: "मॅडम, बीजाणू." मी हो म्हणाले आणि तास पुढे रेटला, पण हातातला खडू भिजून गेला होता. तेव्हापासून मी स्वतःची परीक्षा घेत आले. स्कूटरवर नेच्यांची शास्त्रीय नावं म्हणायची, मागच्या वर्षीच्या मुलींची हजेरी उलटीकडून आठवायची. गॅस बंद केला का हे बघायला मी परत फिरू लागले, आणि परत फिरले हेच लक्षण तर नव्हे म्हणून आणखी घाबरू लागले. ओढणीच्या टोकाला गाठी मारायची सवय तेव्हाची. प्रत्येक कामाची एक गाठ. आज सकाळी स्कूटर सुरू करताना आईनं हाक मारली, "येताना चुनो हाड गो! भाईंची डबी रिकामी झाली." तिच्यादेखत गाठ मारायची नाही, म्हणून वळणापर्यंत आले आणि मग थांबून मारली.

अंधारखोलीत ती गाठ चाचपत मी उभी होते. पेटीतलं काळं कापड आज मी उचललं तेव्हा त्याची चौघडी घडी होती, कडेला कड लावून, बशांवर अलगद ठेवलेली. मी घडी घालत नाही. मी कोंबते. मग ही घडी कुणाची? सुट्टीआधीचा शेवटचा दिवस मी आठवू लागले. नवमी, अर्धा दिवस कॉलेज, विभागात हत्यारांची पूजा व्हायची होती, शिऱ्याचा वास येत होता. भाईंना बरं नाही असा आईचा फोन आला. मी निघाले. निघण्याआधी अंधारखोलीत आले होते का? आले असेन. नसेनही. मी आठवत गेले तसतसं आलेही आणि नाहीही, दोन्ही तितकंच खरं वाटायला लागलं. आत येऊन कापड काढतेय, घडी घालतेय, असं चित्र मी मनाशी उभं केलं, आणि ते इतकं सहज उभं राहिलं की माझी पाचावर धारण बसली. मी परत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. तेव्हा दिसलं की जागे झालेले बीजाणू वाटेल तसे नाहीत. ते रिंगण करून आहेत. मधे एक काळा कण, त्याच्या भोवती धागेच धागे, आणि कणापासून जरा लांब गेलं की पुन्हा सगळे झोपलेले. आता उजेड लपवायचा कुणापासून? मी ट्यूबलाइट लावली. हिरव्या उजेडात काळा दिसणारा कण लालभडक होता.

सुईच्या टोकानं मी तो काचपट्टीवर घेतला आणि त्यावर आम्लाचा एक थेंब सोडला. लाल रंग पसरला, फिका झाला, आणि बघता बघता पिवळा. हळद. आईच्या पातळावर सांडलेलं कुंकू लिंबाच्या पाण्यानं असंच पिवळं होतं. आमच्या शिरोड्यात अजून एक बाई घरी कुंकू करतात, हळदीला चुन्याची निवळी पाजून, उन्हात वाळवून. कॉलेजातल्या पूजेला दरवर्षी मीच त्यांच्याकडची पुडी आणून देते. हळद आणि चुना. चुना! म्हणजे माझ्या उपाशी बशीत कुणीतरी चुन्याचा कण टाकला होता आणि तिला उजेड दाखवला होता, आणि पुडी आणली होती मी. काखेत कळसा अशी गत, फक्त कळसा सापडून बरं वाटलं नाही. कारण मला भाईंची नवमी आठवली. दुकान असताना भाई खंडेनवमीला शिवणयंत्रावरचं लाकडी टोपण काढून ठेवत, कातरीचं तोंड पूर्ण उघडत, मापाची टेप गुंडाळीतून सोडून सरळ पसरत. म्हणत, "झाकलेल्या हत्याराक पूजा पोचना नाय." प्रत्येकाला कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल. मी लहान असताना मला वाटायचं, आज ही सगळी हत्यारं डोळे उघडून बसली आहेत. आजार सुरू झाल्यावरच्या पहिल्या नवमीला त्यांनी पूजा केली, जेवले, थोडे लवंडले, उठले आणि म्हणाले, आज नवमी मा? पूजा करूची आसा. आईनं पुन्हा नारळ दिला. संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्या वेळी आईनं मुकाट्यानं अंगणातली होती नव्हती ती फुलं खुडून आणली. त्यांची बोटं कुंकवानं माखलेली होती, ती त्यांच्याच डोळ्यांसमोर होती, आणि तरी आपण पूजा केलीय हे त्यांना कुणी पटवून देऊ शकत नव्हतं. मी माझी बोटं ट्यूबलाइटखाली धरली. स्वच्छ होती. पण मधे इतके दिवस गेले होते, आणि साबण सगळ्यांच्या घरी असतो.

बाबलीभाऊ बाहेरच्या मोरीत काचेची भांडी विसळत होते. आमच्या विभागाचे शिपाई, माझ्याहून थोडे मोठे, कायम उजव्या कानामागे पेन्सिल, तिनं काही लिहिलेलं मी कधी बघितलं नाही. त्यांना विचारायचं म्हणजे काय विचारायचं? पूजा मी केली का, असं माणूस दुसऱ्याला विचारतो का? विचारलं की संध्याकाळच्या आत कॉलेजभर होणार, मॅडमांचंही वडिलांसारखं. मी दारात उभी राहिले, दोनदा आत गेले, परत आले. शेवटी अगदी हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "बाबलीभाऊ, नवमीक मी हयसर कधीपर्यंत होतंय ओ?"

"आपण लवकर गेलात, मॅडम," ते म्हणाले.

आपण! बाबलीभाऊ माझ्याशी सदैव मालवणीत बोलतात. शुद्ध मराठी ते फक्त प्राचार्यांसमोर काढतात, तेही काहीतरी फुटलं असेल तेव्हा. पण त्या क्षणी मला ते कळलं नाही. मला वाटलं, मी अशी काहीतरी दिसतेय की माणसं माझ्याशी जपून बोलू लागली.

"जायच्या आधी अंधारखोलीत गेललंय काय मी?"

"त्याबद्दल मला कल्पना नाही. पेटीला कोणीही हात लावलेला नाही."

नळ चालू होता. मी म्हणाले, "बाबलीभाऊ, मी पेटीचा नाव घेवकच नाय."

त्यांनी नळ बंद केला. चंचुपात्र उपडं घातलं, ते सरळ केलं, परत उपडं घातलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तर त्या मोरीशी आम्ही दोघं उभे होतो आणि दोघांच्याही मनात टिपूर चांदणं पडलं होतं.

"मॅडम, रागावनार नाय तर सांगतंय," ते एकदम घरच्या भाषेत आले. "मीयाच केलंय. तुमी गेलास, मगे मी सगळ्या हत्यारांका फुलां घातलंय. त्या दुर्बिणीक, तागडेक, सगळ्यांका. तुमची पेटी दिसली. येवढी देखणी पेटी, तिका तशीच ठेवू? वरसून कुंकू लायलंय. पण मनाक काय बरा वाटना. झाकलेल्या हत्याराक पूजा पोचना नाय, मॅडम. म्यानातली तलवार कोण पुजता काय? म्हणान झाकण काढलंय. बघतंय तर आत काळो कपडो! नवमीच्या दिवशी! तो काढून घडी घालून बाजूक ठेवलंय. निरांजन ओवाळलंय. वरच्या बशीचा झाकण वायच उचलून चिमटीतला कुंकू सोडलंय. परत सगळा होता तसा करून ठेवलंय. तुमी सांगललास हात लावू नको म्हणान, ता माका म्हायती आसा. पण वर्षाचो सण, आणि तुमचा काय ता काम इतकी वर्षां पुरा होणा नाय..."

"मगे?"

"मगे गाऱ्हाणा घातलंय."

"काय म्हणान?"

त्यांनी ओले हात जोडले, डोळे मिटले, आणि देवळात घालतात त्याच चढ्या आवाजात मोरीसमोर उभे राहून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या मॅडमांनी जा काय पेरल्यानी आसा, ता येकदाचा उगवांदे रे म्हाराजा!"

आणि माझ्या तोंडून, गाऱ्हाण्याला साथ द्यायची जन्माची सवय, आपसूक निघून गेलं: "व्हय म्हाराजा!"

उगवू नये म्हणून ठेवलं होतं ते. सगळ्या जगात फक्त त्या तीन बशा अशा होत्या की ज्यांनी उगवायचं नव्हतं, आणि या माणसानं देवाला नेमक्या त्याच दाखवल्या. मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग मी भिंतीला टेकले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसण्याचं किती आणि दुसरं किती हे मला सांगता आलं नसतं. बाबलीभाऊ घाबरून गेले. "मॅडम, पगारातसून कापा, पण रडा नको," म्हणाले.

"परत सांगा," मी म्हणाले.

"काय? गाऱ्हाणा?"

"गाऱ्हाणा नाय. पूजा कोणी केली?"

"मीया."

"मी नाय ना केलंय?"

"तुमी खंयच्या? तुमी घराक गेललास," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की या बाईला आता लिंबूसरबत पाजावं की काय.

तुमी खंयच्या. मी अंधारखोलीत येऊन स्टुलावर बसले आणि ते दोन शब्द मनातल्या मनात घोळवत राहिले. जूनपासून छातीवर जे काही बसलं होतं ते उठून चालायला लागलं, अगदी पायांचा आवाज यावा तसं. हायसं वाटलं, असं पुस्तकात लिहितात. मला भूक लागली. किती महिन्यांनी मला अशी भूक लागली होती. मी डबा उघडला आणि पेटीशेजारी बसून पोळीभाजी खाल्ली, प्रयोगशाळेत काही खाऊ नये हा नियम मीच भिंतीवर चिकटवलेला आहे, त्याच्याकडे बघत खाल्ली. मग हात धुऊन खालच्या दोन बशा काढल्या. त्यात धागा नाही, फट नाही, सगळे बीजाणू गाढ. निरांजनाचा उजेड तिघींनाही मिळाला होता, प्लास्टिकमधून आरपार. कुंकू फक्त वरचीत पडलं होतं. म्हणजे उजेडानं दार किलकिलं झालं, पण खालच्या दोघींच्या दाराशी कुणी आलंच नाही. आतला चतुर्भुज चारही हात पसरून बसला आणि हात रिकामेच राहिले. आणि वरच्या बशीत जिथवर चुना विरघळून पोचला तिथवर रिंगण धरून जाग आली. मला जे सिद्ध करायचं होतं ते इतक्या सुबकपणे मला स्वतःला कधी साधलं नव्हतं. अर्थात गाईडना हे सांगायची सोय नाही. प्रयोगाची पद्धत काय, तर निरांजन आणि चिमूटभर कुंकू. सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. कुणीतरी मला चुना लावला होता, अगदी शब्दशः, आणि मला त्याचा राग येत नव्हता. त्या रिंगणाकडे मी बराच वेळ बघत बसले. एका धाग्याच्या मुळाशी हिरवी पेशी फुगायला लागली होती, रोपाची पहिली खूण. बीजाणू, मी मोठ्यानं म्हणाले. बीजाणू, बीजाणू. शब्द जागच्या जागी होता. तो जूनमध्येही तिथेच असणार, एखाद्या तासाला सगळ्यांचेच शब्द अडतात, वर्गात चाळीस तोंडं समोर असतात, रात्री भाईंनी झोपू दिलेलं नसतं. हे मला तेव्हाही कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

निघताना बाबलीभाऊंनी विचारलं, पुढच्या वर्षी काय करायचं? मी सांगितलं, पूजा करायची, पण पेटीची, उघडायची नाही. हा तह त्यांना मान्य नव्हता हे स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, बरं, उघडायची, पण त्या दिवशी आत बशा ठेवणार नाही. "ह्या बरा," ते म्हणाले.

मळेवाडच्या बाजूला दोन्हीकडे भात पिवळं पडलं होतं, ऊन तिरपं झालं होतं, आणि रस्त्याला पिकल्या भाताचा गोडसर दमट वास होता. मी स्कूटरवर नेच्यांची नावं म्हणायला सुरुवात केली, सवयीनं, आणि तिसऱ्या नावाशी लक्षात आलं की मी परीक्षा घेत नाहीये. नुसती म्हणतेय. मग मधेच सोडून दिली. उद्याचं मला माहीत नाही. भाईंचं रक्त माझ्यात आहे, आणि कातर कधीतरी माझ्याही हातातून हरवेल, नाही असं नाही. पण आज नाही. आज पूजा मी केली नव्हती. टपरीवर थांबून चहा घेतला, गरम, फार गोड. बाकावर बसल्या बसल्या हात ओढणीकडे गेला, बोटांना गाठ लागली, आणि मला त्या गाठीची एकदम कीव आली. एवढीशी चिंधी पिळून तिच्यावर केवढा भार टाकला होता मी. नखानं सोडवली. घट्ट झाली होती, दातही लावावा लागला. सुटली तशी ओढणीचं टोक मांडीवर तळव्यानं सरळ केलं, भाई कापड सरळ करत तसं, आणि वाऱ्यावर सोडून दिलं. पुढे खारा वास यायला लागला, मग माडांच्या माना दिसू लागल्या, आणि मी शाळकरी पोरीसारखी हॉर्न वाजवत घरच्या वळणाशी आले.

भाई पडवीत बसले होते, पुढ्यात पानाचं तबक. आई तुळशीपाशी होती.

"कोणाचा चेडू गो तू?" भाईंनी विचारलं.

"भाई टेलराचा."

"बरो माणूस."

आई पदराला हात पुसत आली. "हाड, बघू. मघापासून डबी खरवडतत."

"काय हाडू?"

"चुनो गो. सकाळी सांगललंय नाय?"

मी ओढणीचं टोक हातात घेतलं. ते चुरगळलेलं होतं आणि मोकळं होतं. दिवसभर मी दुसरं काय केलं होतं? चुना पाण्यातून काढला, चुना कुंकवात सापडला, चुन्याच्या जिवावर आज मला माझं डोकं परत मिळालं, आणि चुना आणायचा... आईच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तिथे काहीतरी झपकन आलं आणि तिनं ते आत ढकललं. तेव्हा मला कळलं की ओढणीच्या गाठी तिनं केव्हाच बघितल्या होत्या. जूनपासून ती माझ्यावर डोळा ठेवून होती, मी स्वतःवर ठेवला होता तसाच. "रवलो आसतलो," ती घाईघाईनं म्हणाली, "जावंदे, रवता कधी कधी."

"रवलो नाय गो, आये," मी म्हणाले. मला हसू आवरेना. "इसारलंय. साफ इसारलंय!"

तो शब्द त्या घरात कधीचा कुणी उच्चारला नव्हता. आई माझ्याकडे बघत राहिली. मी हसतेय, नीट हसतेय, हे तिनं नीट बघून घेतलं. भाईंनी कोरडंच पान दुमडलं, गालात सरकवलं, दोनदा चावलं आणि तोंड वाकडं केलं.

"इसारला तर इसारला," ते म्हणाले. "माणसां इसारतत. आज नाय तर फाल्या हाड."

आई खांबाला टेकली. तिचे खांदे हलायला लागले, मला आधी वाटलं रडतेय. पदर तोंडावर दाबून ती हसत होती. "मगे माझा पण आयका," ती म्हणाली, "आज आमटेत मीठ घालूक मीया इसारलंय."